माथ्यावरच्या शाळेची वाट

घंटा वाजली तेव्हा सितांग आईच्या खुर्चीला शेवटची गाठ मारत होती. घंटा म्हणजे डंपरच्या चाकाची गंजलेली रिम. चर्चसमोरच्या पिलीच्या झाडाला ती टांगली होती आणि लोखंडी गजाने ठोकली की डोंगराकडच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू जायची. नगरकचेरीने दिलेला भोंगाही गावात होता. पण वीज गेली की तो मुका, आणि वादळात सगळ्यांत आधी पळते ती वीजच. बायकांच्या बैठकीत हे कुणीतरी सहज बोलून गेलं आणि दुसऱ्या दिवशी रिम टांगली गेली.

"आवळ अजून," आई, नानाय सियोन, म्हणाली. तिच्या वेताच्या खुर्चीला पुढे आणि मागे बांबू बांधले होते. "उतारावर घसरले तर थेट इस्कोच्या मानेवर जाऊन बसेन. आधीच त्याची मान कोंबडीसारखी."

"इस्को आहे कुठे पण?"

इस्को, म्हणजे सितांगचा मावसभाऊ, नव्हता. पुढचा बांबू त्याचा, मागचा शेजारच्या बेर्तोचा, असं कधीचं ठरलं होतं. बेर्तो हजर होता, तोंडात सिगरेट धरून. सितांगने दोनदा हाक मारली, मग "मेला कुठे उलथला कोण जाणे" असं पुटपुटत पुढचा बांबू स्वतःच्याच खांद्यावर घेतला.

आज सितांगचा बाप, ताताय क्रिस्पुलो, आणि धाकटा भाऊ आन्सेल्मो यांचा स्मृतिदिन. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या त्या वादळात मायोन ज्वालामुखीच्या अंगावरची सगळी राख-वाळू पावसाबरोबर खाली आली तेव्हा बापलेक म्हशीचा कासरा धरून खालच्या रस्त्याने निघाले होते. खालच्या रस्त्यानेच जा, सभागृहात जमा, असा वरून हुकूम होता. सुबांगान घळ फुटली आणि रस्ताच घेऊन गेली. नानाय चार पावलं पुढे होती, चर्चच्या घंटाघराच्या जिन्याला चिकटून राहिली, म्हणून वाचली. ते दोघं सापडलेच नाहीत.

त्याच दिवशी सराव ठेवायचा हा सितांगचा हट्ट. "मेलेल्यांच्या दिवशी मरणाचं नाटक करायचं?" असं तिचा थोरला भाऊ तोरिबियो, गावचा कापितान म्हणजे सरपंच, बैठकीत म्हणाला होता. "मरायचं नाही मानोय, वाचायचं नाटक," ती म्हणाली होती आणि बायका खदखदून हसल्या होत्या. पुढे नगरकचेरीचे साहेब बघायला येणार, 'सज्ज गाव' म्हणून बालिनादचं नाव बक्षिसासाठी पुढे गेलंय, असं कळल्यावर कापितानचा विरोध आपोआप मावळला.

सगळं वर्ष सितांग आणि बायका घळीच्या काठाने पायी फिरल्या होत्या. वादळानंतर घळीला घातलेला बांध कुठे खचलाय, पाणी कुठे वळतं, कुणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय आणि त्याला कोण उचलणार, एकेक गोष्ट भांडून ठरवली होती. म्हशी आदल्या दिवशीच वर न्यायच्या, कारण बाप्ये म्हशीसाठी मागे फिरतात. खालच्या रस्त्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. वाळूच्या खाणीतून, बांधाच्या मागच्या अंगाने, पाऊलवाट काबुयाव टेकडीवर चढते. माथ्यावर शेजारच्या गावची शाळा आहे, पक्की, उंचावरची. तिथल्या मास्तरीणबाईंनी वर्ग उघडून द्यायचं कबूल केलं होतं. खाण होती रुफिनोची. सितांगचा धाकटा भाऊ. बापाचं वाळूखाली गेलेलं अबाकाचं, दोराच्या वाखाचं, शेत तो पोकलेन लावून उपसत होता. "माझ्या फाटकातून खुशाल जा," तो बैठकीत म्हणाला होता.

आणि फाटकाला कुलूप होतं.

फाटकाच्या आत खाकी टोपी घालून इस्को उभा होता.

"तू इथे?" सितांगचा श्वास फुलला होता. "तुझा बांबू माझ्या खांद्यावर आहे, मेल्या. लाज वाटते का?"

"मानाय," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो म्हणाला, "मला ड्यूटी लावली. कापितानांनी सकाळी सांगितलं, आज फाटक उघडायचं नाही. साहेब लोक येणारेत."

"साहेब येणारेत म्हणूनच उघडायचंय ना रे!"

"हे मला कळलं असतं तर मी फाटकावर कशाला असतो?"

"किल्ली दे."

"ती पण त्यांच्याकडेच."

मागे रांग तुंबत गेली. कुणी आजोबांना हातगाडीत बसवून आणलं होतं, कुणी तान्ह्याला टॉवेलने छातीशी बांधलं होतं. एक गर्भार पोरगी दगडावर बसली आणि तिच्या सासूने तिच्या डोक्यावर छत्री धरली. ऊन चढत होतं. खऱ्या वेळी इथे डोक्यावर पाऊस असेल आणि पाठीमागे घळीचा गडगडाट, एवढंच सितांगच्या मनात येत राहिलं. आणि समोर हेच कुलूप.

तेवढ्यात जीप आली. पुढे तोरिबियो, नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी. मागे नगरकचेरीचा तरुण साहेब आणि कॅमेरावाला.

"अरे, तुम्ही सगळे इकडे कुठे?" तोरिबियो उतरून जोरात म्हणाला, साहेबाला ऐकू जाईल असं. "मार्ग बदललाय. खालच्या रस्त्याने, सभागृहाकडे! चला, चला, उन्हात उभं राहू नका."

सितांगने खुर्ची हळूच खाली टेकवली. "कधी बदलला?"

"काल."

"कुणी?"

"समितीने."

"समिती म्हणजे तू, मी, तुझी बायको आणि मास्तरीणबाई. काल आम्ही तिघी आईकडे पिनांगातसाठी अळूची पानं निवडत होतो. समितीची बैठक तू आरशासमोर घेतलीस का?"

रांगेत कुणीतरी हसलं. तोरिबियोची मान लाल झाली. तो जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "चारचौघांत नको, सितांग. नंतर घरी बोलू."

"चारचौघांतच बोलू. मरायला चारचौघंच जातात."

साहेब पुढे झाला. वागायला सभ्य होता बिचारा, हातात प्लास्टिकमध्ये घातलेला नकाशा होता. "मॅडम, आमच्या नकाशात आश्रयस्थान सभागृह आहे आणि मार्ग खालचाच आहे. त्याप्रमाणे झालं तरच सराव धरता येईल."

"तुमच्या नकाशात घळ आहे?"

"आहे ना. ही निळी रेघ."

"त्या निळ्या रेघेत माझा बाप गेला. भाऊ गेला. तुमच्या सभागृहाच्या खिडक्यांपर्यंत वाळू आली होती. अजून तिथली एक खिडकी उघडत नाही, जाऊन ओढून बघा."

साहेबाने नकाशाकडे पाहिलं, मग तोरिबियोकडे. "कापितान, हे तुम्ही कळवलं नव्हतं."

"जुनी गोष्ट आहे, सर. आता बांध आहे ना."

त्याने शिट्टी फुंकली. सभागृहात नाश्त्याची पाकिटं आहेत, हेही मोठ्याने सांगितलं. रांग हलली. आधी थोडे, मग बरेचसे खालच्या रस्त्याला लागले. कापितानचा शब्द होता, शिवाय ऊन होतं, पोरं भुकेली होती. सितांगने त्यांना दोष दिला नाही. राग आला तो एकाच माणसाचा.

"नानाय, चल," तोरिबियो आईच्या खुर्चीशी वाकला. "तुझा एक फोटो पाहिजे त्यांना. सगळ्यांत वयस्क तू."

नानायने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी त्या रस्त्याने एकदा गेले आहे. तुझ्या साहेबाला म्हणावं, आता त्याने जाऊन यावं."

फोटो तिच्याशिवाय निघाले. खालच्या रस्त्यावर, घळीच्या काठाला, हसणारी माणसं आणि फडफडणारा 'सज्ज गाव'चा फलक. सितांग इकडे कुंपणाची तार वाकवून आत शिरली. इस्कोने तोंड फिरवलं, म्हणजे आपण पाहिलं नाही.

आत पोकलेन उभं होतं आणि त्याच्या पलीकडे सरळ खड्डा. जिथून पाऊलवाट टेकडीला लागायची तिथे नुसती हवा होती. तिने काठावर जाऊन पाहिलं. वाट कापली गेली होतीच, पण उपसा थेट बांधाच्या पायाशी भिडला होता. बांधाचे दगड हिरड्या झिजलेल्या दातांसारखे उघडे पडले होते. याच बांधाच्या जोरावर मघाशी तोरिबियो "आता बांध आहे ना" म्हणाला होता. फाटक का बंद होतं ते तिला तिथे कळलं. साहेबाने हे बघू नये म्हणून. गाव उन्हात उभं राहिलं तरी चालेल, साहेबाच्या बुटाला वाळू लागायला नको.

* * *

जेवण नानायच्या घरी होतं. दर वर्षी या दिवशी असायचं. प्रार्थना झाली, दोन फोटोंपुढच्या मेणबत्त्या तशाच जळत राहिल्या आणि मारिएताने, तोरिबियोच्या बायकोने, भाताचं पातेलं मधे आणून ठेवलं. अळूचं पिनांगात, नारळाच्या दुधात शिजवलेलं डुकराचं तिखट मटण, पानात गुंडाळलेला चिकट भाताचा इबोस. सगळे बसले आणि कुणीच हात घालेना.

"मला फार वेळ नाही," तोरिबियो घड्याळ बघत म्हणाला. "साहेबांचं जेवण शहरात ठेवलंय."

"मग जेवू नकोस, उत्तर दे," सितांग म्हणाली. "बांधाच्या पायाशी उपसा करायला परवानगी कुणी दिली?"

तोरिबियोने रुफिनोकडे पाहिलं. रुफिनो ताटाकडे बघत होता. डोळ्यांखाली धूळ, हाताला वंगण. तो नेहमीच कामावरून अर्ध्यात उठून आल्यासारखा दिसायचा.

"मी दिली," तोरिबियो म्हणाला. "आणि परत देईन. या गावात वाळूखेरीज उरलंय काय? अबाका गेला, नारळ गेला. अर्धा गाव रुफिनोच्या खाणीवर जेवतो. डोंगराने आपलं सगळं नेलं, बदल्यात वाळू दिली. ती पण नको म्हणू?"

"वाळू घे ना! कुणी नको म्हटलंय? घळीच्या मधला एवढा उंचवटा आहे, तो घे. बांधाचा पाय कापून घ्यायची ती कुठली वाळू? आणि वाट? ती तू बैठकीत कबूल केली होतीस. तुझ्या तोंडाने."

"बैठकीत माणूस बरंच काही कबूल करतो."

"हो, निवडणुकीतही."

मारिएताने हसू दाबायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. तोरिबियोने ते पाहिलं.

"तुला पण मजा वाटते का?"

"मजा नाही, बियो," ती पेला खाली ठेवत म्हणाली. "तू मला काल रात्री म्हणालास, फाटकाला नवीन बिजागरी बसवायची म्हणून बंद ठेवतोय. मला खोटं का सांगितलंस?"

"कारण तू लगेच हिच्याकडे पळत आली असतीस."

"आलेच असते. समितीत नाव माझं आहे. गर्भार बायकांना कोण उचलणार ते मी घरोघर फिरून ठरवलंय. आज ती पोर दगडावर बसून रडत होती आणि तू पाकिटं वाटत होतास."

तोरिबियोने खुर्ची मागे सरकवली, पण उठला नाही. लहानपणापासून हेच करायचा, सितांगला आठवलं. जायची धमकी खुर्चीनेच द्यायची. त्याचा आवाज खाली आला आणि तो समजावण्याच्या सुरात बोलू लागला, जो सितांगला त्याच्या ओरडण्यापेक्षा जास्त झोंबायचा.

"तुम्हा बायकांना वाटतं मी राक्षस आहे. ऐका तरी. शाळा त्या गावची. आम्ही आश्रयाला तिकडे जातो असं एकदा लिहून दिलं, की नवीन इमारत त्यांनाच मिळणार. आपल्याला काय? कायम दुसऱ्याच्या ओसरीवर. बालिनादची माणसं भिकाऱ्यासारखी परक्या गावात झोपणार? आत्ता सभागृह दाखवायचं, बक्षीस घ्यायचं, त्या जोरावर आपलं स्वतःचं पक्कं आश्रयस्थान मागायचं. दोन-तीन वर्षांत होईल."

"आणि वादळ दोन-तीन वर्षं थांबेल? त्याला तू पत्र पाठवलंयस?"

"इतकी वर्षं आलं का?"

"म्हणजे आता येईल, मानोय! इतकी वर्षं डोंगरावर राख साठतेय, ती काय शोभेला?" सितांगला स्वतःचाच राग आला, रडायचं नव्हतं तिला. "परक्या ओसरीवर झोपायची तुला लाज वाटते. ताताय कुणाच्या ओसरीवर झोपलाय ते तरी तुला माहितेय का?"

मेणबत्तीची वात तडतडली. बाहेर कोंबडी ओरडत होती. रुफिनोने अजून एक घास घेतला नव्हता.

"रुफिनो," नानाय म्हणाली.

इबोसचं पान सोलून ती त्याच्या बारीक चिंध्या करत होती.

"खणताना कधी काही सापडलं का रे?"

हा प्रश्न या घरात आजवर कुणी विचारला नव्हता.

"नाही, नानाय," रुफिनो म्हणाला.

"बघतोस तरी?"

त्याने हात पुसले, बराच वेळ पुसले. "प्रत्येक बादली वर आली की आधी मी बघतो. डंपरवाले शिव्या घालतात, खोळंबा होतो म्हणून. मी हाताने चाचपल्याशिवाय ओतू देत नाही." "एकदा चपलेचा पट्टा निघाला. रात्रभर धुतला. आपला नव्हता. आन्सेल्मोची चप्पल निळी होती."

सितांगने पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. सकाळपासून तिने मनातल्या मनात या भावाला काय काय म्हटलं होतं.

"बांधापर्यंत का गेलास मग?" नानायने विचारलं.

"बाकीचं सगळं शेत बघून झालं होतं," तो म्हणाला. "तेवढंच राहिलं होतं."

नानायने चिंध्या ताटात ठेवल्या आणि हात लांब करून रुफिनोचं मनगट धरलं. तिच्या बोटांची कातडी पारदर्शक झाली होती, पण पकड घट्ट होती.

"आता बघू नकोस," ती म्हणाली. "ऐकतोस ना? सापडला तुझा बाप तर मी काय करू त्याचं? पुन्हा पुरू? पहिल्यांदा वाळूने पुरलाय, ती वाळू मला चालते. तू त्या दोघांना शोधता शोधता या सगळ्यांच्या उशाचा बांध काढतोयस. तातायला हे आवडलं असतं का?"

रुफिनोने मान हलवली. त्याच्या गालावरून धुळीत एक ओली रेघ उतरली आणि त्याने ती पुसलीही नाही.

"हेच मी म्हणतोय," तोरिबियो घाईने म्हणाला. "नानायनेच सांगितलं. पायाशी खणायचं बंद. झालं, मिटलं. आता निघतो मी."

"तू बस." नानायचा आवाज चढला नाही, पण तोरिबियो अर्धवट उठलेला तसाच राहिला. "तो बापाला शोधत खणत होता. वेडेपणा असेल, पण बापासाठी. तू कुलूप कुणासाठी लावलंस?"

"गावासाठी, नानाय. इमारतीसाठी."

"गाव कुलपाच्या बाहेर होतं, तोरिबियो. मी होते. उन्हात. आत कोण होतं?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला, एकदा, मग पुन्हा.

"दुपारी आम्ही परत निघणार," सितांग म्हणाली. "ठरल्या वाटेने. मानोय, तू पुढे चाल. शिट्टी तुझ्याकडेच राहू दे, गाव तुझं ऐकतं. फक्त पुढे चाल."

क्षणभर तिला वाटलं, तो येईल. त्याचा चेहरा लहानपणीसारखा झाला होता, आन्सेल्मोला खांद्यावर घेऊन नदी ओलांडायचा तेव्हासारखा. मग हॉर्न तिसऱ्यांदा वाजला आणि त्याने जाकिटाची चेन वर ओढली.

"साहेब खोळंबलेत," तो म्हणाला. "तुम्ही काय करायचं ते करा. सराव झालेला आहे. कागदावर सह्या झाल्यात."

"मी वर जाणार," मारिएता म्हणाली. "लग्न तुझ्याशी लागलंय, तुझ्या सभागृहाशी नाही."

तो दारात थबकला, पण मागे वळला नाही. जीप गेली. धूळ खिडकीतून आत आली आणि भाताच्या पातेल्यावर मारिएताने झाकण ओढलं.

* * *

किल्ली शहरात गेली होती. रुफिनोने पोकलेन चालू केलं, बादली फाटकाखाली घातली आणि फाटक बिजागऱ्यांतून उचलून बाजूला ठेवलं. कुलूप तसंच लटकत राहिलं. इस्कोने टोपी काढून खिशात कोंबली. "फाटकच नाही म्हटल्यावर मी राखू काय?" असं म्हणत तो आला आणि सितांगच्या खांद्यावरचा बांबू स्वतःकडे घेतला.

रुफिनोने आधी बांधाचा पाय भरला. मोठाले दगड बादलीत आणून, खाली उतरून, स्वतः हाताने सांधे बसवून. मग तो खड्ड्याच्या कडेला वळला आणि सरळ उभी कड तासून उतरती केली, वर टेकडीपर्यंत. मास्तरीणबाई वरून ओरडून सांगत होत्या, डावीकडे घे, तिथे खडक आहे. नाश्ता खाऊन परतलेले एकेक करून जमू लागले. आधी नुसते बघत उभे राहिले. मग एका बाईने पाटी उचलली, तिच्या नवऱ्याने फावडं.

"पाकीट चांगलं होतं का?" इस्कोने एकाला टोमणा मारला.

"नूडल्स होत्या. गार."

"मग चला, वर पोट भरायला हवा आहे."

सितांगने रिमेवर गज घालायला माणूस पाठवला. घंटा झाली आणि या वेळी रांग थांबली नाही. हातगाडीतले आजोबा चढावर अडकले, त्यांना दोघांनी आळीपाळीने पाठुंगळीला घेतलं. गर्भार पोरीला मारिएता हाताला धरून नेत होती आणि वाटभर तिला तोरिबियोच्या घोरण्याच्या गोष्टी सांगत होती. रुफिनो सगळ्यांत मागे राहिला, वाट कुठे खचते ते बघत. मधल्या वळणावर खुर्ची तिरकी झाली, बेर्तोचा पाय घसरला, नानाय ओरडली, "अरे गाढवा, मी वांग्याची टोपली आहे का?" सितांगने खालून हात लावला आणि ते वर गेले. तिचं अंग घामाने भिजलं होतं आणि राग अजून उतरला नव्हता. पण आता त्या रागाला हातपाय फुटले होते, एवढंच.

माथ्यावर शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी खुर्ची टेकवली. मास्तरीणबाईंनी वर्ग उघडले, घागरीतून पाणी दिलं. माणसं येत होती, भिंतीला टेकत होती, हसत होती, धापा टाकत होती.

नानाय खाली बघत होती. इथून सगळं एका नजरेत मावत होतं. गावाची छपरं, पिलीचं झाड, चर्च, खालचा रस्ता. सुबांगान घळ रस्त्याला इतकी खेटून जात होती की दोन्हींमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. ढग बाजूला झाले होते आणि मायोन उभा होता, अंगावर राखेचे करडे ओघळ घेऊन, जणू काही झालंच नाही.

तिने हात उचलून घरापासून माथ्यापर्यंत हवेत एक रेघ ओढली. मग पुन्हा ओढली.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच अंतर?"

सितांग तिच्या खुर्चीशी खाली बसली.

"ही शाळा तेव्हाही होती का गं?"

"होती, नानाय."

"आणि ही वाट?"

"वाटही होती. ताताय याच वाटेने सरपणाला यायचा."

"हो," नानाय म्हणाली. "यायचा. मीच त्याला डबा बांधून द्यायचे. मी कधी वर आले नाही." "मग आम्हाला खाली का पाठवलं त्यांनी?"

सितांगला सांगण्यासारखं खूप होतं. नकाशा, निळी रेघ, सभागृह, कुणाच्या गावात इमारत यावी त्याची ओढाताण. त्यातलं काहीच आईच्या तोंडावर म्हणता येण्यासारखं नव्हतं. तिने नुसता हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. मागे पोरं बाकांवर उड्या मारत होती आणि मास्तरीणबाई त्यांना दटावत होत्या.

नानायने पदरासारखा खांद्यावर टाकलेला टॉवेल ओढून तोंड खसाखसा पुसलं. पुसून झाल्यावर तिने तो घडी घालून मांडीवर ठेवला आणि वळून इस्को आणि बेर्तोकडे बघितलं. दोघं भिंतीला टेकून बसले होते, बेर्तोने नुकतीच सिगरेट पेटवली होती.

"उठा," ती म्हणाली. "खाली चला. पुन्हा चढायचंय. त्या वळणावर तुम्ही मला पाडलं असतं, आणि आज तर जमीन कोरडी आहे."

"आत्ता, आजी?" बेर्तो कळवळला. "जेवण तरी जिरू द्या."

"चिखल काय जेवलास का विचारून येतो?"

इस्कोने हात झटकले आणि पुढच्या बांबूखाली खांदा दिला.